आवाज येतोय का, ओव्हर?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत शिकार बंद होऊन अर्धशतक झालं, पण शिकारी काही संपले नाहीत. वाघावर गोळी झाडायला १९७० साली मनाई झाली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तेव्हापासून इथला शिकारी रानातून उठून बैठकीत येऊन बसला. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, कुठेही जा. आजोबांनी मारलेल्या वाघाची गोष्ट सांगणारा एखादा नातू हमखास भेटतो. आजोबा गेले, बंदूक गेली, वाघ मात्र दरवर्षी वाढतोच आहे. मी लहान असताना तो नऊ फुटांचा होता. गेल्या दिवाळीला अकरा फुटांवर गेला. जिवंत वाघांची गणना सरकार करतं. या मेलेल्या वाघांचं माप घ्यायला कोणी येत नाही, म्हणून बरं.

आमचे भाऊजी अशाच एका घरातले. वारशात बंदूक न मिळाल्यामुळे ते शिकारीचं बाकीचं सामान जमवत असतात. पानाफुलांच्या छापाची टोपी आहे, गुडघ्यापर्यंत येणारे बूट आहेत, रात्रीच्या अंधारात भिंत स्पष्ट दाखवणारी दुर्बीण आहे. या संग्रहात एका संध्याकाळी वॉकीटॉकीची जोडी दाखल झाली.

"शिकारीले जाताना हेच वापरतात," भाऊजी म्हणाले.

"कोण शिकारीले जाऊन रायलं?" ताईनं आतून विचारलं.

हा प्रश्न भाऊजींनी ऐकला नाही. पुढे जे काही घडलं त्याचं मूळ त्यांच्या या न ऐकण्यातच होतं.

खोक्यावर एका गोऱ्या शिकाऱ्याचं चित्र होतं. गुडघाभर बर्फात उभा राहून तो कुणाशी तरी बोलत होता. खाली मोठ्या अक्षरांत 'शिकारीसाठी उत्तम' आणि त्याच्याही खाली आठ किलोमीटरचा पल्ला. अमेरिकेत किंवा युरोपात हे ठीक आहे. तिकडे शिकारीचा हंगाम असतो, परवाने मिळतात, चार मित्र चार टेकड्यांवर बसून कोण कुठे आहे ते एकमेकांना कळवतात. मुख्य हेतू हा की आपली गोळी आपल्याच मित्राला लागू नये. तिकडेही सगळीकडे हे चालत नाही. कुठे कुठे सावजाचा ठावठिकाणा रेडिओवरून कळवायला मनाई आहे, कारण सावजाच्या हातात सेट नसतो. पण चंद्रपूर जिल्ह्यात राहून 'शिकारीसाठी उत्तम' असं छापलेली वस्तू स्वतःच्या नावानं, पत्त्यानं आणि पिनकोडासह मागवणं म्हणजे गुन्हा करण्याआधीच कबुलीजबाब देऊन ठेवणं होय.

आपल्याकडे या छंदाला कायद्यांनी चांगलं घेरलेलं आहे. बंदूक ठेवायची तर १९५९ चा शस्त्र कायदा. ती प्राण्यावर रोखायची तर १९७२ चा कायदा. आणि हे सगळं सोडून नुसतं बोलायचं म्हटलं, तर बिनतारी यंत्रांचा १९३३ चा कायदा, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा. यंत्र बाळगायलाही परवाना लागत असे. अलीकडे म्हणजे २०१८ साली सरकारनं ४४६ मेगाहर्ट्झच्या जवळची एक चिंचोळी पट्टी कमी ताकदीच्या सेटसाठी परवान्यातून मोकळी केली. त्या पट्टीतला मंजुरी असलेला सेट असेल तर बोला. बाकीच्या पट्ट्यांत पोलीस आहेत, वनखातं आहे, खाणी आहेत, आणि त्यांच्या गप्पांत शिरणाऱ्या पाहुण्याचं स्वागत कुणी चहानं करत नाही. ऑनलाइन दुकानांतून कसलेही सेट कुणालाही विकले जातात हे लक्षात आल्यावर २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं त्या दुकानांना नोटिसा धाडल्या. सेट कोणत्या लहरींवर चालतो आणि त्याला परवाना लागतो की नाही हे गिऱ्हाइकाला सांगा, असा त्याचा मथितार्थ. सेट निवडताना पाहायची पहिली गोष्ट ती हीच. भाऊजींनी पाहिलेली पहिली गोष्ट रंग ही होती. सुदैवानं सेट मोकळ्या पट्टीतला निघाला. रंगही त्यांच्या टोपीला जुळला.

आता त्या आठ किलोमीटरविषयी. हे आठ किलोमीटर मोजले जातात तेव्हा एक माणूस एका डोंगराच्या माथ्यावर असतो, दुसरा दुसऱ्या डोंगराच्या माथ्यावर, आणि मध्ये देवानं काहीही निर्माण केलेलं नसतं. आपल्याकडे देवानं मध्ये साग, ऐन, धावडा आणि बांबू निर्माण केलेला आहे. या सेटच्या लहरी सरळ रेषेत जातात. टेकडी आडवी आली की संपलं. ४४६ मेगाहर्ट्झची लहर जेमतेम सव्वादोन फुटांची, तिला पानं अडवतात, आणि पाऊस पडून पानं भिजली की अधिकच अडवतात. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर दोन मीटरची. झाडीतून ती जरा बरी वाट काढते. त्यामुळे रानात काम करणारी मंडळी त्या पट्टीकडे, म्हणजे व्हीएचएफकडे झुकतात, टेकडीवर उंच मनोरा उभारून संदेश पुढे ढकलणारं यंत्र बसवतात, आणि तरीही नाल्यात उतरलेला वनरक्षक दिसेनासा तसा ऐकू येईनासा होतो. मग तो काय करतो? वर चढतो. चार पावलं चढून बोलणं हे कोणत्याही महागड्या सेटपेक्षा स्वस्त पडतं, हे दुकानदार कधी सांगत नाही.

सेटची चाचणी गावाबाहेरच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावावर झाली. भाऊजी या टोकाला पाळीवर, त्यांचे एक मित्र त्या टोकाला आणि मी निष्पक्ष निरीक्षक म्हणून भाऊजींच्या शेजारी. पहिला अर्धा तास 'आवाज येतोय का' याच विषयावर चर्चा झाली. हा प्रश्न मोठा मजेदार आहे. आवाज येत असेल तर विचारायची गरज नाही, येत नसेल तर विचारून उपयोग नाही. तरीही वॉकीटॉकी हातात आलेला एकही मराठी माणूस दुसऱ्या वाक्यानं सुरुवात करताना मी पाहिलेला नाही.

पुढची अडचण खटक्याची. या यंत्रात खटका दाबला की बोलता येतं, सोडला की ऐकता येतं. दोन्ही एकदम होत नाही. आपल्या संभाषणाची सगळी इमारत दोन्ही एकदम करण्यावर उभी आहे. लग्नाच्या मांडवात सहा माणसं एकाच वेळी बोलतात आणि सहाही जणांना सगळं कळतं. इथे समोरचा बोलत असताना गप्प बसायचं, त्यानं 'ओव्हर' म्हटलं की मग आपण बोलायचं, ही शिस्त आमच्या पाहण्यात विधानसभेतही नाही. भाऊजी खटका दाबून बोलत आणि उत्तर ऐकतानाही तो दाबूनच ठेवत. पलीकडचे मित्रही तेच करत. दोघांनी मन मोकळं करून घेतलं, दोघांनाही एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि सेट उत्तम असल्याबद्दल दोघांचं एकमत झालं.

दुसरी खोड अशी की माणूस आधी बोलायला लागतो आणि मग खटका दाबतो. त्यामुळे वाक्याचं तोंड इकडेच राहतं आणि शेपूट तिकडे पोचतं. 'जाऊ नका, इकडं अस्वल आहे' यातलं 'इकडं अस्वल आहे' एवढंच गेलं तर निदान माणूस वाचतो. पण 'नका येऊ' मधलं 'येऊ' तेवढं गेलं तर अवघड आहे. म्हणून जाणकार सांगतात, दाबा, क्षणभर थांबा आणि मग बोला. तोंडापासून यंत्र दोन-तीन बोटं लांब धरा, ओरडू नका. ओरडल्यानं शब्द फाटतो, पल्ला वाढत नाही. हे सगळं भाऊजींना सांगितलं. त्यांनी ते ओरडून मित्राला कळवलं.

मग मित्राकडून खरखर करत एक संदेश आला. त्यांनी गंमत म्हणून म्हटलं होतं, "वाघीण येऊन रायली पाळीवरून, ओव्हर." भाऊजींना ऐकू आलं, "वहिनी येऊन रायली पाळीवरून." त्यांनी तत्काळ सेट खिशात लपवला, टोपी काढली आणि पाळीवरून खाली उतरून धानाच्या बांधावर उगाच पाणी पाहिल्यासारखं करत उभे राहिले. संदेश चुकीचा पोचला तरी हालचाल योग्य झाली, याला दळणवळणाचं यशच म्हणायला हवं.

खरं तर या रानात यंत्राशिवायचं दळणवळण फार जुनं आहे. इंग्रजांच्या काळात इथे हाका होत असे. साहेब मचाणावर, आणि गावकरी ओळ धरून डबे, ढोल, काठ्या वाजवत जनावर त्याच्याकडे हाकलणार. गोंगाट करणाऱ्यांचं सगळ्यांना दिसतं. पण त्या खेळाची किल्ली गप्प बसणाऱ्यांकडे असे. दोन्ही बाजूंच्या झाडांवर एकेक माणूस चढवून ठेवलेला असे. वाघ ओळ सोडून बाजूला सरकू लागला की झाडावरच्या माणसानं आरडाओरडा करायचा नाही. नुसतं खोकायचं, किंवा खोडावर हलकेच काठी टेकवायची. टक टक. एवढ्यावर वाघ वळे. जास्त आवाज केला तर तो बिथरून हाकेकऱ्यांवरच उलटण्याची भीती. कमीत कमी शब्दांत संदेश द्यावा हे रेडिओच्या पुस्तकातलं पहिलं कलम त्या झाडावरच्या गड्याला पाठ होतं, तेही नाममात्र मजुरीत. साहेबाच्या आठवणींच्या पुस्तकात गोळीचं वजन असतं, वाघाची लांबी असते. टकटक करणाऱ्याचं नाव शोधून सापडत नाही.

शिकार गेली तशी ही सगळी हौस ताडोबाकडे वळली. इथे १९३५ पासून शिकारीला बंदी आहे आणि १९५५ पासून राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान आहे. आता माणसं हातभर लांबीची भिंगं घेऊन येतात आणि संध्याकाळी 'मिळाला का?' असं एकमेकांना विचारतात. भाऊजीही सेट कमरेला लावून मोहर्लीच्या दारावर पोचले. ताडोबाच्या गाभ्यात पर्यटकांना मोबाइल वापरायला मनाई आहे. वाघ दिसल्याची बातमी एका जिप्सीतून दुसरीत गेली की सगळ्याच तिकडे धावतात आणि वाघाच्या वाट्याला फक्त चाकं येतात. मोबाइलचं हे, मग वॉकीटॉकीचं काय होणार! दारावरच्या मुलीनं सेटकडे पाहिलं, भाऊजींच्या टोपीकडे पाहिलं आणि अत्यंत आदरानं म्हणाली, "ठेवून द्या जी, परत येताना घेऊन जाजा."

आत गेल्यावर कळलं की रानाला आपला वायरलेस आहे आणि तो चोवीस तास चालू आहे. वानर म्हणजे कंट्रोल रूम: उंच जागा, लांबची नजर आणि पहाऱ्याची पाळी. ते खॅक खॅक करू लागलं की गाइड जिप्सी थांबवतो. चितळाच्या 'कूक'वर तो लगेच विश्वास ठेवत नाही. चितळ घाबरट, पान हललं तरी बातमी देतं. भेकर भुंकत सुटलं की भुंकतच राहतं, मुद्दा काय ते शेवटपर्यंत कळत नाही. पण सांबरानं 'ढाँक' केलं की गाइड नुसता बोट वर करतो. सांबर उगाच बोलत नाही. आमच्या जिप्सीत तेव्हा भाऊजी आजोबांच्या वाघाची गोष्ट सांगत होते. वाघ साडेअकरा फुटांवर पोचला होता.

"भाऊजी, कॉल चालू आहे," गाइड कुजबुजला.

"कोणाचा?" म्हणत भाऊजींनी सवयीनं खिसा चाचपला.

तेवढ्यात वाघ बांबूत शिरून गेला. मागच्या जिप्सीतल्या गप्प बसलेल्या आजीबाईंना तो पूर्ण दिसला.

वैनगंगा ओलांडली की प्रकरण बदलतं. १९८२ पर्यंत गडचिरोली चंद्रपूरचाच भाग होता; रान एकच, बोलीही बरीचशी एक. पण या पारची हौस त्या पारी नेऊ नये. नक्षलवादाच्या काळात तिथे पोलिसांच्या हातात वायरलेस असे आणि पोलीस ज्यांना शोधत त्यांच्याकडेही वॉकीटॉकी सापडत. या दोघांखेरीज तिसरा माणूस पानाफुलांच्या टोपीत, गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात दुर्बीण आणि हातात सेट घेऊन रस्त्यावर दिसला, तर तो हौशी आहे हे सिद्ध करायला त्याला बराच वेळ लागणार. भाऊजींनी आलापल्लीकडे जायचा बेत केला तेव्हा ताईनं पिशवी तपासली आणि निम्मं सामान बाहेर काढून ठेवलं. "कोणी विचारलं त काय सांगसान? शिकारीले चाललो म्हणून?" यावर भाऊजींकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर तर त्याहून वाईट होतं.

रेडिओवर चालणारी खरी शोधमोहीम आजही इथे होते, पण तिच्यात मारायचं नसतं. सीटी-१ नावानं ओळखल्या गेलेल्या वाघानं गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत तेरा माणसांचे जीव घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात त्याला बेशुद्ध करून पकडलं. अशा मोहिमेत ट्रॅप कॅमेरे लागतात, पंजांचे ठसे लागतात, मचाणावर तासन्‌तास बसणारा नेमबाज लागतो, आणि या सगळ्यांना बांधणारा सेट लागतो. औषधाचा डार्ट लागल्यावरही वाघ लगेच पडत नाही. काही मिनिटं चालतो, झाडीत शिरतो, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी जागच्या जागी गप्प राहायचं असतं. त्या काही मिनिटांत सेटवर जास्तीत जास्त ऐकू यावी ती खरखर. इकडे मात्र वाघ सापडल्याची कुणकुण लागताच अख्खा गाव मोबाइल वर धरून जमा होतो, आणि गावातलीच प्राथमिक कृती दलाची पोरं आपल्याच काका-मामांना मागे सरकवता सरकवता घामाघूम होतात. काकांचं म्हणणं एकच असतं, "अरे, पाहू दे न बे, आमच्याच गावचा वाघ आहे!"

म्हणून काही रानात नेहमी गप्पच बसायचं असं नाही. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे बाया रानात जातात. एकीला दुसरी झाडांमुळे दिसत नाही, वाकून वेचताना पाठीमागचं काही कळत नाही. म्हणून त्या सारख्या एकमेकींना हाका मारत असतात, मध्येच गाणं, मध्येच सुनेची तक्रार. ऐकणाऱ्याला वाटेल बायकांना बोलायची हौस. तो त्यांचा दुहेरी वायरलेस असतो. माणसांचा गलबला ऐकून जनावर वाट बदलतं, आणि एखादीकडून उत्तर आलं नाही तर बाकीच्या तत्काळ थांबतात. तिथे बोलणं हेही ऐकण्यासाठीच असतं.

भाऊजींचा सेट शेवटी कामाला लागला तो धान गर्भात आल्यावर. रानडुकरांचे कळप रात्री बांधीत उतरतात आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी २०१५ च्या शासन निर्णयाप्रमाणे वनखात्याकडून मिळू शकते. भाऊजींच्या डोळ्यांत चमक आली. पण अर्ज करायचा, पंचनामा दाखवायचा, परवानाधारक बंदूकवाला शोधायचा, आणि त्या मुहूर्तापर्यंत डुकरानं त्याच शेतात थांबायचं, एवढी जुळवाजुळव होणं कठीण. ताईनं सोपा मार्ग काढला.

"जागलीले जा तुम्ही. एक डब्बा तुमच्याजवळ, एक माझ्याजवळ."

शेत घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. मध्ये झाड नाही, टेकडी नाही, नुसत्या सपाट बांध्या. खोक्यावरच्या गोऱ्याला मिळाली होती तशीच सरळ रेष! आवाज खणखणीत पोचला. पहिल्या रात्री दर थोड्या वेळानं मचाणावर ताईचा आवाज घुमे, "आले का डुकरं? ओव्हर." भाऊजी तोंडावर हात धरून कुजबुजत, "हळू बोल न, डुकरं आयकतीन!"

"आयकू द्या न! त्याच्यासाठीच त बोलून रायली."

मग ताईनं तंत्र सुधारलं. सेटचा आवाज पूर्ण मोठा करून तो मचाणाच्या बांबूला बाहेरून टांगायला लावला, आणि घरी पाय पसरून बसून खटका दाबून महिन्याचा हिशोब मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. तेल किती, गॅस किती, टोपी कितीची, बूट कितीचे, दुर्बीण कितीची. खटका तिच्या अंगठ्याखाली असल्यामुळे भाऊजींना खुलासा करता येत नव्हता. आजूबाजूच्या सगळ्या बांध्यांत डुकरं शिरली, यांच्या बांधीकडे फिरकलीही नाहीत.

आता शेजारचे शेतकरी विचारायला येतात की हा सेट कोणत्या कंपनीचा. भाऊजी पल्ला सांगतात, बॅटरी सांगतात, परवान्याची पट्टी सांगतात. ते सगळं ऐकून घेतल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आन् बाईचा आवाज त्याच्यात भरूनच येते, का वेगळा घ्या लागते?"